आधी मुदत माग, मग घर शोध

बेटा,

अनेक आशीर्वाद. परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू रडत नव्हतीस, पण आवाज घशात अडकत होता. नागपूरच्या नंदनवनातलं घर मालकांनी विकलं, जूनअखेर खाली करा म्हणाले, आणि बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मी फोनवर ‘होईल नीट’ एवढंच म्हणाले. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आईबाबांनाही वाचून दाखव.

उद्यापासून टू-लेटच्या पाट्या शोधत फिरू नको. आधी बाबांना घेऊन मालकांकडे जा आणि एकच गोष्ट नीट विचारून घे: फक्त बयाणा म्हणजे विसार झाला आहे की रजिस्ट्रीही झाली? यावर बरंच अवलंबून आहे. घेणाऱ्याला रिकामा ताबा हवा असतो, आणि पुष्कळदा शेवटचा हप्ता तो ताब्याच्या वेळीच देतो. म्हणजे तुम्ही वेळेवर आणि वाद न घालता निघणं हे त्या दोघांच्याही फायद्याचं आहे. तुमच्या हातात आज एवढंच आहे, पण ते कमी नाही. त्याच्या बदल्यात जुलैअखेरपर्यंत मुदत माग. डिपॉझिट किल्ली देण्याच्या दिवशीच परत मिळेल, हे मालकांकडून लिहून घे. रजिस्ट्री होऊन गेली असेल तर नव्या मालकांनाही त्या कागदावर सही करायला सांग. जुन्यानं म्हणायचं ‘नव्याकडे मागा’ आणि नव्यानं म्हणायचं ‘मी कुठे घेतलं होतं’, अशात बुडालेली डिपॉझिटं मी पाहिली आहेत.

तुमचा शेवटचा नोंदवलेला करार मागच्या वर्षी संपला आणि पुढे तोंडीच चाललं, असं तू म्हणालीस. लिव्ह अँड लायसन्स ही राहायची परवानगी असते, भाडेपट्ट्यासारखी ती नव्या मालकावर आपोआप बांधील राहत नाही. मुदत संपल्यावरही राहिलं तर भाड्याच्या दुप्पट रकमेची मागणी होऊ शकते. म्हणून ‘बसून राहा, कोण काढतं बघू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नको. पण घाबरूही नको. ताबा घ्यायचा तर कायद्याच्या मार्गानंच घ्यावा लागतो, आणि घर खाली व्हावं म्हणून पाणी किंवा वीज तोडायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये साफ मनाई आहे. दर महिन्याचं भाडं तू फोनवरून पाठवलंस ना? त्या नोंदी काढून ठेव. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईच्या नावानं अर्ज कर, वकिलाला कागद दाखव आणि मगच मालकांशी शेवटचं बोल.

आता घर. तू म्हणालीस, बेसाला ७,००० मध्ये दोन रूम-किचन मिळतंय, आत्ताच्यापेक्षा १,५०० नं स्वस्त, आणि तुला कामासाठी मिहानही जवळ पडेल. खरं आहे. पण एक वही घे आणि पूर्ण महिना मांड. बाबांना रोज कामाला कळमन्याला जायचं आहे. बेसाहून जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर होतील, आत्ताच्या दुपटीहून जास्त. सातेक लिटर पेट्रोल वाढलं की वाचलेल्यातले अर्धे पैसे तिथेच गेले. धाकटी दहावीत जाते आहे. तिच्या शाळेचा ऑटो आला. आणि सगळ्यात मोठी रक्कम तुझ्या हिशेबात आलीच नव्हती, ती म्हणजे आईचं मशीन. फॉल-पिको आणि ब्लाउजची तिची गिऱ्हाईकं त्या चार गल्ल्यांतली आहेत. बाई दुपारी भाजी घेऊन परतताना ब्लाउज टाकून जाते, ती बेसाला येणार नाही. आईला नव्या वस्तीत ओळख करून पुन्हा तेवढं काम मिळायला दोन दिवाळ्या जातील. आई हे स्वतःहून म्हणणार नाही. ‘माझं काय, मी कुठेही शिवीन’ म्हणेल. तिच्या त्या बोलण्यावर विश्वास ठेवू नको.

म्हणून माझं मत सांगते: थोडं जास्त भाडं देऊनही पूर्व नागपुरातच राहा. नंदनवन, वाठोडा, नाहीतर प्रजापती नगरकडची बाजू बघा. तिथून कळमना जवळ. तुला लांब पडेल, पण तुझ्यासाठी मेट्रो आहे. डिसेंबर २०२२ पासून ती प्रजापती नगरपर्यंत येते. सीताबर्डीला गाडी बदलली की मिहानजवळचं खापरी. घरातल्या चौघांपैकी तुझाच प्रवास रुळावर आहे, बाकीच्यांचा उन्हात.

घर बघायला दोनदा जायचं. एकदा दुपारी चारला. वरच्या माळ्यावरचं घर स्वस्त का असतं ते तेव्हाच कळतं. छताखालच्या भिंतीला तळहात लावून ठेव. चटका बसला तर समजून घे की मे महिन्यात रात्री एकलाही ती भिंत गार होणार नाही. मग कूलरची खिडकी बघ. कूलर बाहेर टेकवायला लोखंडी स्टँड आहे का, बाहेरून हवा घेतो की शेजाऱ्याच्या बोळात तोंड आहे, आणि त्यात भरायला पाणी कुठून आणायचं? एका कूलरला उन्हाळ्यात रोज किती बादल्या लागतात ते आईला माहीत आहे. दुसऱ्यांदा सकाळी जा, नळ येण्याच्या वेळेला. मालक ‘भरपूर पाणी आहे’ म्हणतील, तू खालच्या माळ्यावरच्या बाईला विचार. नळ, बोअर की टँकर, आणि विजेचं मीटर वेगळं आहे की मालक युनिटचे पैसे लावतात, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणखी एक गोष्ट विचारून घे, तीही शेजाऱ्यांनाच. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री इथे पाणी आलं होतं का? त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि झोपेतून उठलेल्या माणसांच्या गुडघ्याला पाणी लागलं. नदी पुढे पूर्वेकडेच वाहत जाते. नदी-नाल्याजवळचं तळमजल्याचं घर असेल तर नव्या रंगाखाली भिंतीवर ओलीची रेघ दिसते का ते बघ. दिसली तर भाडं कितीही कमी असो, परत ये.

फिरताना काही घरमालक आधी आडनाव विचारतील, मग काय खाता ते विचारतील, आणि मग ‘आमचं ठरलं कुणाशी तरी’ म्हणतील. ते ऐकून घरी येऊन रडू नको. बाबांना तर शक्यतो त्या फोनवर बोलूच देऊ नको, पहिला फोन तू कर. आणि घर न पाहता टोकन मागणारा कितीही गोड बोलला, सैन्यात आहे म्हणाला, क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगितलं, तरी एक रुपया द्यायचा नाही.

घर ठरलं की करार नोंदवूनच घ्या. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो म्हणतील, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असंही म्हणतील. आपल्या राज्यात लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. खर्च फार नाही. समज ९,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट आणि ११ महिने, तर मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,०००. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. मालक खर्चावर अडले तर आपण भरा, पण नोंदवा. करारात एक ओळ मुद्दाम घालून घे: मधेच घर विकलं तर किमान दोन महिन्यांची लेखी सूचना आणि डिपॉझिट पूर्ण परत.

आता बाबांबद्दल. ते म्हणाले ना, ‘आता भाड्यानं राहायचंच नाही, पीएफ काढतो आणि प्लॉट घेतो’? मला ते वाक्य ऐकून धस्स झालं, कारण ते आमच्या घरात बोललं गेलं आहे. महालातली आमची खोली विकली गेली तेव्हा तुझे काका असेच पेटले होते. माझ्या चार बांगड्या आणि एक गोफ मोडून आम्ही शहराबाहेर प्लॉट घेतला. विक्रीपत्र नाही, नुसतं आममुखत्यारपत्र आणि एक बयाणापत्र. विकणारा ओळखीचा होता. पावसाळ्यानंतर कुंपण घालायला गेलो तर तिथे दुसऱ्याच माणसानं खांब रोवलेले. तोच प्लॉट त्यालाही विकला होता. तेव्हा मी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसत होते. दुसऱ्यांचे कागद रोज तपासत होते, आणि स्वतःचे तपासले नाहीत. घरातून निघावं लागल्याचा अपमान इतका टोचत होता की कागद मागणंही आम्हाला उशीर करणं वाटलं. काका शेवटपर्यंत त्या रस्त्यानं गेले नाहीत.

नागपुरात मंजुरी नसलेले ले-आउट शेकड्यांनी पडले, नासुप्रच्या म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या ५७२ आणि १९०० ले-आउटची नावं तू ऐकली असशीलच. म्हणून पुढे कधी प्लॉट बघाल तर सातबारा किंवा आखीव पत्रिका, एनए म्हणजे अकृषक परवानगी, मंजूर नकाशा, गुंठेवारीतला असेल तर आरएल म्हणजे नियमित केल्याचं पत्र आणि मागच्या सगळ्या विक्रीपत्रांची साखळी वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर महारेराचा क्रमांक घ्या. पण या तीन महिन्यांत यातलं काहीच करू नका. पीएफला हात लावू नका.

स्वतःच्या घराची तयारी मात्र आजच सुरू करा. सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र काढून ठेव. म्हाडाच्या नागपूर मंडळाची सोडत निघते तेव्हा लोक या दाखल्यांसाठी धावतात आणि तारीख निघून जाते. एनएमआरडीएनं म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं तरोडी, वांजरीला प्रधानमंत्री आवास योजनेतून घरं बांधली, तिकडेही लक्ष ठेव. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. देशात कुठेही पक्कं घर नसलेलं आणि वर्षाला ३ ते ६ लाख उत्पन्नाचं कुटुंब त्यात अल्प उत्पन्न गटात येतं, तुम्ही तिथे बसता. ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज-अनुदान पाच हप्त्यांत मिळतं. घर आईच्या नावावर किंवा तिच्यासोबत घ्या. हे व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवरचं भाड्याचं घर नीट असलं तरच त्याची वाट बघता येते.

रविवारी मी येते. प्रजापती नगरकडे माझ्या ओळखीच्या एका बाईंचा खालचा माळा रिकामा होतो आहे. चार वाजता जाऊ, ऊन असतानाच. बाबांना सोबत घे, त्यांना घरी एकटं बसवू नको. आणि आईच्या मशीनची लांबी-रुंदी मोजून चिठ्ठीवर लिहून आण. खिडकीपाशी ते बसतं की नाही, ते मला तिथेच बघायचं आहे.

तुझी,
मावशी