काट्याचा प्रोग्राम बसला, पण ऑपरेटरला सापडेल का?

नांदेड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं ऊस वजनकाट्याच्या प्रोग्रामचं लिनक्सवर बसवायचं पॅकेज उघडून पाहिलं. काम नेटकं आहे. सगळं /ऑप्ट/काटा खाली ठेवलंस, त्यालाही माझी हरकत नाही. फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्डनं, म्हणजे कुठली फाइल कुठं ठेवायची हे ठरवणाऱ्या नियमावलीनं, वरून घातलेल्या सॉफ्टवेअरला तीच जागा दिलीय. सेटिंगच्या फायली तेवढ्या /ईटीसी/ऑप्ट मध्ये आणि रोज बदलणारा डेटा /व्हार/ऑप्ट मध्ये हलव. /यूएसआर/लोकल ला हात लावला नाहीस ते बरं केलंस. ती जागा त्या मशीनच्या ॲडमिनची, पॅकेजनं तिथं घुसायचं नसतं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. /ऑप्ट/काटा/बिन पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथं शोधली जाते त्या फोल्डरांच्या यादीत, नसतं. ऑपरेटर कमांड टाकणार, ती चालवणारा शेल ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणणार. त्याला वाटणार पॅकेज बसलंच नाही. पुन्हा बसवायला गेला की पॅकेज बसवणारा ॲप्ट सांगणार, आधीच बसलेलं आहे. गाळप सुरू आहे, काट्यापुढं ट्रॅक्टरांची रांग लागलीय, अशात त्याला ‘डीपीकेजी हायफन कॅपिटल एल’ मारून फायलींची यादी काढायचं सुचेल, ही आशा धरू नकोस.

इन्स्टॉलच्या शेवटी तू एक सूचना छापलीस. ती वाचणार कोण? शंभर ओळी सरसर वर जातात, त्यात तीही जाते. चित्रातल्या बटणावर क्लिक करून बसवणाऱ्याला बहुधा दिसतच नाही, आणि स्क्रिप्टनं वीस मशीनवर एकदम बसवलं तर समोर माणूसच नसतो. शिवाय बसवणारा एक आणि वापरणारा दुसरा. आपल्याकडे तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाला लातूरहून येतो, बसवून जातो, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला त्यातलं काही माहीत नसतं.

म्हणून आधी सांगायची गरजच कमी कर. /यूएसआर/बिन पाथमध्ये असतंच, तिथं एक सिमलिंक, म्हणजे मूळ प्रोग्रामकडे बोट दाखवणारी फाइल, ठेव. गूगल क्रोम /ऑप्ट मध्येच बसतं, पण कमांड /यूएसआर/बिन मधून मिळते, त्यामुळं ते नेमकं कुठं बसलंय हे कुणाला विचारावं लागत नाही. एक मात्र तपास: तुझी स्क्रिप्ट स्वतःच्या जागेवरून बाकीच्या फायली शोधते. लिंकवरून चालवली की ती /यूएसआर/बिन मध्येच शोधत बसेल. आधी ‘रीडलिंक हायफन एफ’नं खरी जागा काढून घे.

/ईटीसी/प्रोफाइल-डी या फोल्डरमध्ये फाइल टाकून पाथ वाढवायचा तुझा विचार मला तितकासा पटला नाही. ती फाइल लॉगिन करताना वाचली जाते, उघड्या टर्मिनलला तिचा पत्ता नसतो. उबुंटू लिनक्सवर ॲडमिनच्या अधिकारानं कमांड चालवणारा सुडो स्वतःचा ठरलेला पाथ घेतो, तुझा नाही. आणि ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा क्रॉन! डेबियन लिनक्सच्या क्रॉनला मुळात /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच ठाऊक असतं. हातानं चालवलेला रिपोर्ट निघतो आणि रात्रीचा निघत नाही, हे कोडं मग दिवसभर सोडवत बसायचं. तुझ्या प्रोग्रामला एन्व्हायरन्मेंटमधलं, म्हणजे चालताना बाहेरून मिळणारं एखादं सेटिंग, लागतच असेल, तर ते आधी भरून मग मूळ प्रोग्रामला बोलावणारी छोटी रॅपर स्क्रिप्ट लिही. डेबियनची पॉलिसीही तेच सांगते.

एवढं करूनही सांगावं लागेलच. लॉग कुठं आहेत, बॅकअप कशाचा घ्यायचा, हे लिंकनं कळत नाही. सूचना कशी लिहावी ते पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपकडून शिक. स्क्रिप्ट पाथबाहेर बसली की पिप स्क्रिप्टचं नाव, पूर्ण डिरेक्टरी आणि ‘ही पाथमध्ये घाला’ असं नेमकं सांगतो. तुझ्या सूचनेत ‘योग्य ते पाथ सेट करावेत’ असं आहे. योग्य म्हणजे कोणते? जशीच्या तशी टाकता येईल अशी पूर्ण कमांड दे. तोच मजकूर /यूएसआर/शेअर/डॉक मध्ये रीडमी म्हणून ठेव आणि प्रोग्रामच्या ‘हेल्प’च्या पहिल्या दोन ओळींतही घाल. अडलेला माणूस हेल्पच उघडतो.

सूचना मराठीत लिहिलीस याचा आनंद झाला. पण ग्राफिक्स नसलेल्या सर्व्हरच्या काळ्या कन्सोलवर देवनागरी नीट उमटत नाही, चौकोन दिसतात. तिथं रोमन लिपीतली एक ओळ राहू दे.

पुढं कधी जागा बदललीस तर जुन्या ठिकाणी लिंक निदान एक हंगाम टिकव आणि बदल पॅकेजच्या न्यूज फाइलीत लिही. मशीनवर बदल दाखवणारं ॲप्ट-लिस्टचेंजेस असेल तर अपग्रेड करताना ती समोर येते. नसेल तर कारखान्यात फोन करून सांग.

दुरुस्त पॅकेज दसऱ्याआधी पाठव. मी ते कोऱ्या मशीनवर, तुझी सूचना न वाचता बसवून बघणार आहे.

तुझा,
सर