लिटरला १५ सांगितले, ९ पडतात: दावा कशावर उभा करायचा?

प्रश्न: वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. १४ महिन्यांपूर्वी नागपूरच्या शोरूममधून मोठी पेट्रोल सेडान घेतली. शोरूमचं बिल ४६ लाख, आरटीओ आणि विमा धरून ५४ लाख. सेल्समनने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं, ‘लिटरला १५ पक्के, हायवेला १७.’ प्रत्यक्षात साडेआठ-नऊ पडतं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, चालवण्याची पद्धत चुकते. गाडी परत करता येईल का? दावा अमरावतीला चालेल का? तोवर बँकेचे हप्ते थांबवू का?

उत्तर: भाऊ, हप्ते अजिबात थांबवू नका. कर्जाचा करार तुमच्यात आणि बँकेत आहे. गाडी पेट्रोल जास्त पिते, ही सबब तिथे चालत नाही. हप्ते थकले तर सिबिल बिघडेल, उद्या पीककर्जाला अडचण येईल. बँकेने गाडी ओढून नेली तर तपासणीसाठी दाखवायला गाडीच उरणार नाही.

गाडी परत आणि पूर्ण पैसे, ही मागणी मुख्य ठेवू नका. त्यासाठी दुरुस्त न होणारा निर्मितीदोष सिद्ध करावा लागतो, आणि कमी ॲव्हरेज म्हणजे आपोआप तसा दोष नव्हे. तुमची बाजू भक्कम आहे ती त्या व्हॉट्सॲप संदेशामुळे. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं आणि पुरेशा चाचणीचा आधार नसताना कामगिरीची हमी देणं, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. केरळच्या त्रिशूर जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये अशाच प्रकरणात निकाल दिला. जाहिरातीत ३२, तज्ज्ञाच्या चाचणीत १९.६, ग्राहकाला ३ लाख १० हजार रुपये मंजूर झाले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण वाट दाखवतो.

आता समोरचे काय म्हणतील ते आधीच ओळखा. ‘१५ हा चाचणीचा आकडा आहे,’ हे पहिलं. प्रमाणित आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, सुमारे २० मिनिटांच्या ठरावीक चक्रात काढतात; वेग ९० च्या वर जात नाही. वरूडच्या ४५ अंशांच्या उन्हात एसी लावून तो आकडा कोणालाच मिळणार नाही, हे खरंच आहे. पण ‘पक्के’ लिहिताना सेल्समनने यातलं काही सांगितलं नव्हतं. तुमचा मुद्दा तिथे आहे, आणि तो सोडू नका.

दुसरं, ‘पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे.’ इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत फरक ६-७ टक्क्यांचा, म्हणजे १५ चे १४ होतील. ९ होणार नाहीत.

तिसरं कारण चालवण्याचं, आणि इथे प्रामाणिक राहा. घर ते बगीचा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, तेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त जळतं. समृद्धीवर १२० ने गेलात तर ९० च्या तुलनेत हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. उलटतपासणीत हे निघणारच, म्हणून तुमची चाचणी आधीच स्वच्छ असू द्या. दारालगतच्या स्टिकरवर दिलेली हवा टायर थंड असताना भरा. एकाच पंपावर, त्याच नोझलने, ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा. मोर्शी–अमरावतीसारख्या रस्त्यावर ८०-९० च्या वेगाने किमान ३०० किलोमीटर चालवा, तिथेच पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा, आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं तीनदा करा. छापील बिल आणि ओडोमीटरचा फोटो दर वेळी ठेवा. डॅशबोर्डवरचा आकडा एकटा पुरावा म्हणून कच्चा पडतो. पंपावर पाच लिटरच्या मापाने तपासणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, तो वापरा. म्हणजे ‘पंपानेच कमी दिलं’ हेही बोलता येणार नाही.

त्यासोबत सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार देऊन जॉबकार्ड (तक्रार आणि तपासणीची नोंद असलेला कागद) घ्याच. ब्रेकचं कॅलिपर अडकतंय का (चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागतं), थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारी झडप) उघडाच राहतोय का, ऑक्सिजन सेन्सर बरोबर आहे का, स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (इंजिन पेट्रोलचं प्रमाण किती कमी-जास्त करतंय तो आकडा) किती दिसतो, हे त्यात लिहून मागा. दोष निघाला तर वॉरंटीत फुकट दुरुस्ती आणि तुमचा दावा अधिक बळकट. जॉबकार्ड देत नसतील तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवा.

दावा अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच चालेल. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. बुकिंग फॉर्मवर ‘फक्त अमुक शहराचं न्यायालय’ छापलं असलं तरी हा हक्क जात नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर ठरते, ५० लाखांपर्यंत. गाडीचा मोबदला म्हणजे शोरूमचं ४६ लाखांचं बिल. आरटीओ कर आणि विमा वेगळा दाखवा, नाहीतर ५४ लाखांवर बोट ठेवून अधिकारक्षेत्राचा वाद काढतील. या रकमेच्या टप्प्यात तक्रारीचं शुल्क १,००० रुपये. गाडी फर्मच्या नावावर असेल तरी घाबरू नका. मालकांच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली महागडी गाडी केवळ त्यामुळे ‘व्यावसायिक उद्देशाची’ ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे.

शोरूम आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा. कलम ३८(२)(क) खाली गाडी योग्य प्रयोगशाळेत किंवा तज्ज्ञाकडून तपासण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या; खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. व्हॉट्सॲप संदेशाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्याचा पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका.

भरपाईचा हिशेब असा मांडा: महिन्याला १,००० किलोमीटर, १५ ने ६७ लिटर, ९ ने १११. फरक ४४ लिटर. १०५ रुपये दर धरला तर महिन्याला ४,६०० च्या आसपास. आठ वर्षांचे साडेचार लाखांपर्यंत जातात. त्यावर मानसिक त्रास आणि खर्च वेगळा मागा.

मुदत दोन वर्षांची आहे, तुमच्या हातात दहा महिने उरलेत. शोरूमशी चाललेल्या पत्रव्यवहाराने किंवा नोटिशीने ती वाढत नाही. चाचण्या महिनाभरात उरका, १५ दिवसांची नोटीस द्या, उत्तर आलं नाही तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार दाखल करा.