रोज सकाळी पोट दुखणारं लेकरू आणि गेटवरून परत पाठवणारी शाळा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज डबे भरून झाल्याबरोबर लिहायला बसलेय. मुलगा तिसरीत, ऑटोचा हॉर्न वाजला की पोट धरून बसतो, कधी ओकतो, रविवारी मात्र ठणठणीत, सोनोग्राफी नॉर्मल, घरातले म्हणतात लाडावून ठेवलंय, आणि आता शाळा म्हणायलीय की एवढे खाडे चालणार नाहीत, टीसी घेऊन जा. हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय. टीसीचं वाक्य तर जसंच्या तसं.

मी डॉक्टर नाही, वकील नाही. माझ्या लेकीला जे लागू पडलं ते तुमच्या मुलाला पडेलच असं नाही, तेवढं धरून वाचा.

दुखणं खरं असतं, नाटक नसतं, हे तुम्हाला कळलेलं दिसतंय, त्यामुळं त्यावर लिहीत बसत नाही. फक्त रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, शौचातून रक्त, सारखा ताप असं काही असेल तर परत एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मग पुढचं.

आम्ही नांदेडचे. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास भूकंपाचे जे धक्के बसले ते इकडच्या सगळ्यांना आठवत असतील, केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं, 4.5 चा एक आणि दहा-अकरा मिनिटांनी दुसरा. अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती. बाकीची लेकरं दुपारपर्यंत विसरून खेळायला लागली, आमची नाही. रोज रात्री झोपताना एकच प्रश्न, उद्या होईल का? सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं, त्यांनी 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप बघितलेला, गणपती विसर्जन करून माणसं झोपली आणि पहाटे चार वाजायच्या आत सगळं झालं. ते त्या मार्चनंतर परत परत सांगायच्या, लेकरू तिथंच बसलेलं. त्यांना दोष देत नाही मी, त्या आजही दाराजवळच झोपतात, त्यांची भीती त्यांनी कुणाला दाखवावी, त्यांना कुणी विचारलंच नाही कधी. मग 10 जुलैला सकाळी सातच्या सुमारास परत 4.5 चा धक्का, आणि तेव्हा ही युनिफॉर्म घालून वेणी घालायला माझ्यासमोर बसलेली. त्या दिवसापासून सकाळ, शाळा, युनिफॉर्म आणि भूकंप हे सगळं तिच्या डोक्यात एकाच गाठीत बांधलं गेलं. तुमच्या मुलाचं कारण वेगळं असेल, कारण नसेलही, पुष्कळ लेकरांना काहीच झालेलं नसतं तरी होतं. कारण शोधण्यात फार दिवस घालवू नका, भीती टिकते कशावर ते बघा.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते, बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल.

भीती चढते, चढते, आणि लेकरू त्याच जागी थोडा वेळ टिकलं की आपोआप उतरायला लागते. पण चढलेली असतानाच ते तिथनं परत आलं तर लगेच हायसं वाटतं, पोट थांबतं, आणि ते मनात पक्कं करून घेतं की परत आलो म्हणूनच वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली. त्यामुळं समुपदेशक मॅडमनी आमचं जे ठरवून दिलं ते असं होतं की पायऱ्या लहान ठेवायच्या, पण पायरीवरून मागं यायचं नाही. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिच्याच हातानं लिहून काढलं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर रिकाम्या गेटपर्यंत जाऊन यायचं, मग मैदानात, मग परिपाठ झाल्यावर वर्गात जाऊन छोट्या सुट्टीपर्यंत बसायचं, मग मोठ्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. वर्गशिक्षिका फार भल्या, त्यांनी खिडकीजवळ न बसवता दाराजवळची जागा दिली, मैत्रीण शेजारी बसवली. पहिले काही दिवस जमलं सुद्धा. नऊवरून आठ, सात, एकदा वर्गातून बाहेर आल्यावर म्हणाली आई आज सहाच.

आणि मग शाळेच्या ऑफिसनं नियम काढला, परिपाठानंतर कुणालाही आत घ्यायचं नाही.

आमच्याकडं समुपदेशक मॅडमचं पत्र होतं, शाळेला आधीच दिलेलं, वर्गशिक्षिकेला माहीत, मुख्याध्यापकांनी तोंडी हो म्हटलेलं. तरी गेट बंद. शिपाई मामांच्या हातात काही नव्हतं, ते बिचारे दुसरीकडं बघायचे. माझी लेक पाठीवर दप्तर, गळ्यात बाटली, गेटच्या गजाला धरून उभी, आत यायला तयार असलेली, आणि ऑफिसमधून निरोप की उद्या वेळेवर या. ताई, स्वतःहून गेटपर्यंत आलेलं लेकरू परत पाठवलं. घरी येताना गाडीवर मागं बसून म्हणाली, पोट थांबलं. मला तिथंच कळलं की आता मागची सगळी मेहनत गेली. दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी बूट घालतानाच ओकली.

ऑफिसात गेलं की साहेब मीटिंगमध्ये. परत गेलं की ट्रस्टी आल्यावर बघू. पत्राचं विचारलं तर असं काही पत्र आमच्याकडं नाहीच. पोच मागितली तर पोच द्यायची आमच्याकडं पद्धत नाही. एकदा तर फी भरायला आलेल्या पालकांच्या रांगेसमोर क्लार्कनं मोठ्यानं विचारलं, ते मेंटलच्या डॉक्टरचं पत्र तुमचंच का. नऊ वर्षांचं लेकरू माझं बोट धरून उभं होतं. संध्याकाळपर्यंत कॉलनीत सगळ्यांना माहीत झालं. आणि शेवटी तेच, तुम्हाला जमत नसेल तर टीसी घेऊन जा, आमच्याकडं वेटिंग आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, लेक अजून तिथंच शिकते. पण आजारानं आम्हाला जेवढं मागं नेलं नाही तेवढं त्या गेटनं नेलं, पावसाळा सगळा त्यात गेला.

म्हणून माझं ठाम मत, शाळेशी तोंडी काहीही ठरवू नका. मुख्याध्यापक कितीही गोड बोलले तरी. साध्या कागदावर अर्ज लिहा: मुलाचं नाव, इयत्ता, वैद्यकीय कारणामुळं काही आठवडे टप्प्याटप्प्यानं शाळेत यायची परवानगी मिळावी, कोणत्या तारखेपासून किती वाजेपर्यंत, आणि या काळात उशिरा आल्यावर गेटवरून परत पाठवू नये, हे वाक्य वेगळं, स्वतंत्र लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का आणि सही घ्या. दिली नाही तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, नाहीतर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना. आमचं काम त्या प्रतीनंतरच हललं. तिकडून शाळेला विचारणा गेली, आणि ज्या गेटचा नियम बदलूच शकत नव्हता ते गेट उघडलं.

डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या पत्रात आजाराचं नाव लिहायची गरज नसते, वैद्यकीय कारण एवढं पुरतं, तसं लिहून मागा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, ते समजून घेतात. शाळेच्या ऑफिसला जेवढं कमी कळेल तेवढं बरं, वर्गशिक्षिकेला मात्र विश्वासात घ्या.

टीसीचं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16. पहिली ते आठवी कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 ला जी दुरुस्ती झाली ती पाचवी आणि आठवीच्या परीक्षेत मागं ठेवण्याबद्दल आहे, काढून टाकायला बंदी अजूनही आहे. कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. एक बघून घ्या, शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हा कायदा तिला लागू होत नाही. नाहीतर खाजगी विनाअनुदानित असली तरी लागू आहे. म्हणून तर ते स्वतः काढत नाहीत, तुमच्याकडून टीसीचा अर्ज लिहून घेतात, म्हणजे कागदावर तुम्हीच सोडून गेलात. शाळा बदलायची असेल तर जरूर बदला, पण तुमच्या मनानं, आणि दुसरीकडं प्रवेश पक्का झाल्यावर. शाळा बदलून भीती आपोआप जात नाही हेही सांगून ठेवते, आमच्या नात्यातल्या एकीनं बदलून पाहिलं, नव्या शाळेत श्रावणापर्यंत बरं चाललं आणि मग परत तेच.

घरातलं थोडं सांगते. सारखा सारखा धीर देणं, नाही होणार गं, काही नाही होणार, हे ऐकायला चांगलं वाटतं, पण लेकरू तासाभरात परत विचारतं. आमच्याकडं असं ठरलं की प्रश्नाचं उत्तर एकदाच द्यायचं, खरं द्यायचं. होईल की नाही ते कुणालाच सांगता येत नाही, झाला तर टेबलाखाली बसायचं आणि थांबला की मोकळ्या जागेत यायचं, तुला ते येतं. दुसऱ्यांदा विचारलं की एवढंच म्हणायचं, हे तू विचारतेस की भीती विचारतेय? आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पंधरा मिनिटं भीतीची वेळ, तेव्हा काय वाट्टेल ते विचार, आम्ही ऐकू. सुरुवातीला ती पंधरा मिनिटं पुरायची नाहीत, नंतर नंतर तिला बोलायला काही सापडेना, मग पत्ते खेळायचो. सासूबाईंनी या वेळेत फार साथ दिली. आधी मीठ-मोहरी ओवाळायच्या, अंगारा लावायच्या, मी कधी अडवलं नाही, त्यानं नुकसान काही नाही. पण लेकरू ऐकत असताना किल्लारीचं बोलायचं नाही हे त्यांनी स्वतःहून पाळलं. अंगाऱ्याला माझी हरकत नाही, पण अंगारा लावला म्हणून डॉक्टर नको, असं कुणी म्हणालं तर तिथं ऐकू नका.

झोपायचं म्हणाल तर आम्ही सगळेच दाराजवळ हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायला लागलो होतो, तिच्यासाठी. तेही गादी थोडी थोडी आत सरकवत मोडलं. एकदम खोलीत नेऊन झोपवू नका.

दाखवायचं कुठं विचारलंय तुम्ही. मोठ्या शहरातच जायला पाहिजे असं नाही. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरीचं, या सगळ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं, सकाळी लवकर जा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथं असतात. तोपर्यंत 14416 ला फोन लावा, टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात. नंबर लेकरासाठीच असतो असं नाही, तुम्हाला रडू यायलंय असं लिहिलंय ना, तुम्ही स्वतःसाठी लावा.

समुपदेशनात लेकराशी फक्त गप्पा मारून पाठवत असतील आणि तुम्हाला घरी काय करायचं ते सांगत नसतील तर विचारा, नाहीतर दुसरीकडं बघा. चिंतेवर सीबीटी म्हणून विचार आणि वागणं हळूहळू बदलायची जी समुपदेशनाची पद्धत आहे तिच्यात लेकरानं भीतीच्या जागी थोडं थोडं जाणं हेच मुख्य काम असतं, आईबापांनाही घरी काय करायचं ते शिकवलं तर ते सोपं जातं. गोळ्यांची आम्हाला गरज पडली नाही, पण कुणाला पडली तर त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्या मनोविकारतज्ज्ञांनीच लिहिलेल्या पाहिजेत. मेडिकलवाल्याला सांगून झोपेची गोळी अर्धी करून देणारे लोक मी पाहिलेत. तसलं करू नका, हात जोडून सांगते.

सकाळचं एक छोटंसं, आमच्याकडं फार उपयोगी पडलं म्हणून. ऑटो बंद करून काही दिवस मीच सोडायला जायची, कारण ऑटोवाले काका घाई करायचे आणि घाईत ओकारी ठरलेली. पोटात काहीतरी पाहिजे, पण दूध नको, आम्ही भाकरीचा कुस्करा नाहीतर कोरडी पोळी आणि गूळ द्यायचो. ओकली तरी तोंड धुऊन निघायचं, परत कपडे बदलून झोपवायचं नाही. आणि निघताना मी रडायची नाही, ते सगळ्यात अवघड.

आज ती पूर्ण दिवस जाते. परीक्षेच्या आधी पोट दुखतं अजून, मार्क विचारले तर चार-पाच सांगते, आणि जाते.

तुमच्या शाळेनं टीसीचा छापील अर्ज हातात दिलाय असं लिहिलंय, त्यावर सही करू नका आत्ता. आधी वर सांगितलाय तसा अर्ज या सोमवारीच द्या. शिक्का देतात की नाही ते इथं कळवा, नाही दिला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मजकूर मी तुम्हाला टाईप करून देते, माझ्याकडं आमचा अजून ठेवलेला आहे.