टॅरोवाल्याने ई चिंग शिकताना
टॅरोचे (भविष्य सांगायच्या पत्त्यांचे) ७८ पत्ते आणि ई चिंग या प्राचीन चिनी भविष्यग्रंथातल्या, सहा-सहा रेघांच्या ६४ आकृत्या यांच्या जोड्या लावत बसू नकोस. माझी अख्खी वही त्यात वाया गेली. टॅरो पंधराव्या शतकात इटलीत खेळाचे पत्ते म्हणून जन्मला, ई चिंग त्याहून दोन हजारांहून जास्त वर्षं जुना. अ‍ॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्यावाल्याने टॅरोच्या १६ दरबारी (राजा-राणी वगैरे) पत्त्यांना आकृत्या जोडल्या खऱ्या, पण ती त्याची विसाव्या शतकातली मांडणी, चिनी परंपरा नव्हे.

ई चिंगसाठी आधी तीन नाणी सहा वेळा टाक. छाप्याला ३, काट्याला २ धर; प्रत्येक वेळच्या बेरजेतून एक रेघ ठरते. बेरीज ६ किंवा ९ आली की ती रेघ पालटते (अखंडची तुटक किंवा तुटकची अखंड होते), त्यातून दुसरी आकृती मिळते. रेघा खालून वर मांडायच्या (नवखे इथेच चुकतात!). टॅरोत उलटा पडलेला पत्ता म्हणजे पालटती रेघ नव्हे, म्हणून नोंदी वेगळ्या वहीत ठेव.