वर्ल्ड ऑफ गू: मनोरा अर्ध्यावर येऊन कलंडतो, काय चुकतंय?

वर्ल्ड ऑफ गू या व्हिडिओ गेममध्ये चिकट गोळे जोडून रचना बांधायची आणि उरलेले मोकळे गोळे पाइपमध्ये पोचवायचे असतात. मनोरा कलंडतो तेव्हा बहुतेक वेळा चूक वर नसते, पायात असते. काळा साधा गोळा दोन काड्यांनी जोडला जातो, म्हणजे प्रत्येक नवा गोळा एक त्रिकोण तयार करतो. त्रिकोण आकार सोडत नाही. चौकोन दाबला की तिरका होतो. म्हणून चौकोन दिसला की आधी त्याचा कर्ण भरा. पुरेशा जवळच्या दोन गोळ्यांच्या मधोमध गोळा धरला, तर तो नवा सांधा न होता स्वतःच काडी होतो. ही सोय नवखे वापरतच नाहीत!

काड्या लवचिक असतात, त्यामुळे एकाच त्रिकोणावर त्रिकोण रचत गेलात तर शेंडा ओल्या बांबूसारखा डोलणारच. पाया तीन-चार त्रिकोण रुंद ठेवा आणि वर जाताना निमुळतं करा. घाईत गोळे लावू नका. एक लावला की डोलणं थांबू द्या, मग झुकाव ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला पुढचा लावा. रचनेवर हिंडणाऱ्या मोकळ्या गोळ्यांचंही वजन पडतं; शेंड्यावर घोळका जमला की तोल जातो.

काळा गोळा लावल्यावर निघत नाही. चूक झालीच तर पांढऱ्या उडत्या किड्यावर क्लिक करा, शेवटची चाल मागे जाते. हिरवे गोळे मात्र काढता येतात, आणि ते तीन काड्यांनी जोडले जातात. ते असतील तिथे रचनेचे खालचे, आता कामात नसलेले गोळे उपटून वर लावा. पाइपपर्यंत पोचण्यापुरतंच बांधा, कारण रचनेत अडकलेले गोळे मोजणीत धरत नाहीत.