घड्याळ म्हणतं साडेसहा तास, मन म्हणतं दोन : खरं कोणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वर्षभर निद्रानाश आहे. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी साडेसहा तास झोप दाखवतं, तुम्हाला मात्र जेमतेम दोन तास डोळा लागल्यासारखं वाटतं. आता डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी वर्तनोपचार (झोपेच्या सवयी बदलायचा उपचार) सुचवलाय आणि झोपेची डायरी, म्हणजे कधी पडलो, किती झोपलो याची रोजची नोंद, लिहायला सांगितली आहे. घड्याळ असताना डायरी कशाला, आणि उपचार लागू पडतोय हे ओळखायचं कशावरून?

मी डॉक्टर नाही, झोपेच्या लॅबमध्ये रात्रपाळीचा तंत्रज्ञ आहे. लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या, दिवे मालवायचे आणि शेजारच्या खोलीत बसून पहाटेपर्यंत मेंदूच्या लहरी बघायच्या, हे माझं काम. त्यामुळे ‘रात्रभर टक्क जागा होतो’ हे वाक्य मी कायम ऐकतो, आणि ते ऐकताना वेगळंच काही सांगणारा आलेख बऱ्याचदा माझ्यासमोर असतो.

एकदा एक बाई आल्या होत्या. सकाळी सहाला वायरी काढता काढता मी फॉर्मवरचा नेहमीचा प्रश्न विचारला, झोप कधी लागली? ‘कसली झोप! दोनपर्यंत जागीच होते. मधे तुम्ही खोकलात, तेसुद्धा ऐकलं मी.’ मी खोकलो होतो, हे खरं. त्या गेल्यावर रेकॉर्ड मागे नेऊन पाहिलं. दिवे मालवल्यापासून २५व्या मिनिटाला त्यांना झोप लागली होती. पण सव्वाएकच्या सुमारास, चांगल्या झोपेत असताना, एक उंच लहर आणि पाठोपाठ सहा-सात सेकंद जागेपणाच्या लहरी होत्या. मग पुन्हा झोप. आमच्याकडे रात्र ३० सेकंदांच्या तुकड्यांत मोजतात आणि ज्या तुकड्यात झोपेचा वाटा मोठा, तो सगळा झोपेत जमा होतो. हिशेबाप्रमाणे बाई झोपेत होत्या, आणि त्यांनी खोकला ऐकलाही होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

ही तफावत काही नवी नाही. अमेरिकेत मेरी कार्स्काडन, विल्यम डिमेंट या झोपेच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली निद्रानाशाची तक्रार असलेल्या १२२ जणांचं सांगणं आणि लॅबमधली नोंद शेजारी ठेवून पाहिली. बहुतेकांनी झोप लागायला लागलेला वेळ वाढवून सांगितला होता आणि एकूण झोप कमी. याचा अर्थ ‘तुमच्या मनाचे खेळ’ असा काढणारे भेटतात, आणि मला त्याचा राग येतो. निद्रानाश असलेल्यांच्या झोपेतही जागेपणी दिसतात तशा जलद लहरी जास्त आढळतात, म्हणजे शरीर झोपलं तरी मेंदूचा काही भाग पहाऱ्यावर असावा तसं. त्यात झोपेचे तुकडे पडले की एकदा जाग आल्यापासून पुन्हा जाग येईपर्यंतची झोपेची दहा मिनिटं लक्षातच राहत नाहीत आणि सकाळी सगळी रात्र एकच लांबलचक जाग वाटते. म्हणूनच निद्रानाशाचं निदान आलेखावरून होत नाही, तुमच्या तक्रारीवरून होतं : आठवड्यातून किमान ३ रात्री, किमान ३ महिने, आणि दिवसा त्याचा त्रास.

आता डायरीचं. या उपचारातला सगळ्यात जालीम भाग म्हणजे अंथरुणातला वेळ कमी करणं. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये तो मांडला. समजा तुम्ही ११ ते ७ पडून राहता आणि डायरीप्रमाणे ४ तास झोपता. म्हणजे ८ तासांतले ४, निम्मेच. मग डॉक्टर तुम्हाला सुरुवातीला साधारण ५ तासच अंथरुणात राहू देतील, आणि अंथरुणातल्या वेळेत झोपेचा वाटा ८५ टक्क्यांच्या वर गेला की वेळ पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत नेतील. गंमत बघा, उपचार तुमच्या शब्दावर चालतो. तुमची मोजलेली झोप खरोखर सहा तासांची असेल, तर ५ तासांच्या बंधनात तुमची झोप प्रत्यक्षात कापली जाते. पहिले पंधरा दिवस म्हणूनच जड जातात, दिवसा पेंग येते. तेव्हा गाडी चालवणं टाळा. फिट्स किंवा बायपोलरचा आजार असेल तर हे स्वतःच्या मनाने मुळीच करू नका. पण त्या ताणानेच झोप घट्ट होते, तुकडे जुळतात, आणि तुम्हाला वाटणारी झोप मोजलेल्या झोपेच्या जवळ यायला लागते.

मिनिटं फारशी वाढत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर निराश व्हाल. २०१५ साली या उपचाराच्या २० चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात झोप लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मधली जाग २६ मिनिटांनी कमी झाली होती. एकूण झोप वाढली ती जेमतेम ८ मिनिटं. तरी लोक ‘आता झोप लागते’ म्हणतात, कारण रात्रीचं तळमळणं गेलेलं असतं. (काही जुन्या झोपेच्या गोळ्यांचं उलटं : त्या गाढ झोप कमी करतात आणि मधली जाग आठवू देत नाहीत, म्हणून छान झोपल्यासारखं वाटतं.)

राहिलं घड्याळ. ते हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. छताकडे बघत निश्चल पडलेला माणूस त्याला झोपलेला वाटू शकतो, म्हणजे नेमका तुमच्यासारख्यांच्या बाबतीत ते फसतं. शिवाय आकडा बघून दिवस बिघडतो. २०१४ मधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वप्नझोपेचे चक्क बनावट टक्के सांगितले होते. कमी टक्के ऐकलेल्यांची आकडेमोडीची कामगिरी खालावली. तेव्हा उपचार चालू आहे तोवर घड्याळ ड्रॉवरमध्ये टाका. डायरी सकाळी उठल्यावर, अंदाजाने लिहा. रात्री किती वाजले ते बघायचं नाही. आठवड्याची सरासरी बघा, एका रात्रीचं मनावर घेऊ नका, आणि दुपारी कसं वाटतं याचीही एक ओळ टाका.

एका बाबतीत मात्र मी डोळे झाकून मशीनचं ऐकतो. ‘मस्त झोपलो’ म्हणत उठणारी माणसं मी पाहिली आहेत, ज्यांचा श्वास रात्रभर तासाला चाळीस-चाळीस वेळा अडत होता. घोरणं ही त्याची खूण असू शकते, आणि तुम्ही प्रश्नात घोरण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. ते आपलं आपल्याला कळत नाही. घरात कोणी असेल तर आज विचारून घ्या, आणि उत्तर ‘हो’ आलं तर डायरी सुरू करण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर घाला.