चौथ्या दिवसाच्या पाण्याचं मॉडेल: टोकाला उणे ६१ मीटर का आलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एमएस्सी गणिताच्या प्रकल्पासाठी तुम्ही सोलापुरातल्या पूर्व भागातली एक गल्ली ईपानेट या पाइपांच्या जाळ्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली आहे. १५० घरं, १०० मिलिमीटरचा जुना बिडाचा पाइप, लांबी ४०० मीटर, पाणी चौथ्या दिवशी तीन तास. गल्लीच्या तोंडाशी १५ मीटर हेड, म्हणजे पाण्याच्या १५ मीटर उंच स्तंभाइतका दाब, धरलंय. मॉडेल चालवलं की शेवटच्या घरापाशी उणे ६१ मीटर दाब दिसतो आणि तरीही प्रत्येक घराला पूर्ण पाणी मिळाल्याचं दिसतं. प्रत्यक्षात त्या टोकाला पहिले दोन तास नळाला धार लागत नाही. तुम्ही विचारलंय की चूक कुठे आहे, आणि हे सोडून नेव्हिअर-स्टोक्सकडे, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाच्या मूळ समीकरणांकडे, वळावं का.

वळू नका. आकडेमोडही चुकलेली नाही, मी हाताने करून पाहिली. घरटी ५ माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर धरले, तर चार दिवसांचे घरटी २,७०० लिटर होतात. १५० घरांचे झाले ४ लाख ५ हजार लिटर. ते तीन तासांत द्यायचे म्हणजे सेकंदाला ३७.५ लिटर. हेच पाणी चोवीस तास येत असतं तर सरासरी प्रवाह सेकंदाला १.१७ लिटर असता. प्रवाह ३२ पट झाला, आणि हेझन-विल्यम्सच्या सूत्रात घर्षणामुळे होणारा हेडचा तोटा प्रवाहाच्या १.८५२ घाताने वाढतो, म्हणून तोटा ६०० पटींच्या वर गेला.

जुन्या बिडाला याच सूत्रातला सी गुणांक (पाइप आतून जितका गुळगुळीत तितका मोठा) ८० धरला तर सेकंदाला ५ लिटरला ४०० मीटरमध्ये ५.२ मीटर तोटा होतो. ३७.५ लिटर अगदी टोकापर्यंत नेले तर २१६ मीटर. पण पाणी वाटेत घरोघरी सुटत जातं, प्रवाह सरळ रेषेत शून्यावर येतो, म्हणून २१६ला २.८५२ने (घात १.८५२ अधिक एक) भागायचं. येतात ७६. पंधरातून ७६ गेले, उणे ६१. मॉडेलने तुम्ही सांगितलेलंच इमानाने केलं आहे.

आता त्या उणे ६१कडे नीट बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथली हवा पाण्याचा स्तंभ पावणेदहा मीटरच्या घरात तोलते. नळात निर्वात पोकळी केली तरी दाब साधारण उणे साडेनऊच्या खाली जात नाही, त्याआधीच पाण्याची वाफ व्हायला लागते. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला ४.८ मीटर निघतो, तोही अशा पाइपात दिसणारा नाही. उत्तर निसर्गात असूच शकत नाही, याचा अर्थ आपण निसर्गाला एक अशक्य अट घातली आहे.

ती अट म्हणजे ‘मागणी ठरलेली आहे’. नेहमीच्या मॉडेलमध्ये प्रत्येक गाठीवर, म्हणजे पाइप जुळतात किंवा पाणी बाहेर पडतं त्या बिंदूवर, आपण आधीच लिहून टाकतो की इथून इतकं पाणी बाहेर जाणार. मग किर्चहॉफने १८४५ मध्ये विजेच्या जाळ्यांसाठी मांडलेले दोन नियम इथेही लागू होतात: गाठीत आलेलं आणि गेलेलं पाणी सारखं, आणि बंद फेरीभोवती हेडच्या चढउताराची बेरीज शून्य. अमेरिकी अभियंता हार्डी क्रॉसने १९३६ मध्ये याच नियमांवर हाताने सोडवता येईल अशी रीत दिली आणि पुढे कित्येक वर्षं शहरांचे पाइप तिच्यावरच ठरले. ईपानेट आतून टोडिनी आणि पिलाटी यांची मॅट्रिक्सची पद्धत वापरतं. ती कितीतरी वेगवान आहे, पण गृहीतक तेच. चोवीस तास दाबाखाली असलेल्या शहराला ते चालतं, कारण तिथे माणूस हवं तेवढं पाणी घेऊन नळ बंद करतो. आपल्याकडे पाणी आलं की सगळे नळ एकदम उघडे असतात आणि हौद भरेपर्यंत उघडेच राहतात. किती पाणी मिळेल हे त्या क्षणी त्या नळाशी दाब किती आहे यावर ठरतं.

या बाबतीतलं सुरुवातीचं महत्त्वाचं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे, हे गणिताच्या मुलांना कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. पी. आर. भावे यांनी १९८१ मध्ये मांडलं, की दाब अपुरा असेल तेव्हा गाठीवरचा प्रवाह हा दिलेला आकडा नसून काढायचा अज्ञात असतो. १९८८ मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दाब आणि प्रवाह यांच्यात वर्गमुळाचं नातं (प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात) वापरलं. ईपानेटच्या २.२ आवृत्तीत दाबावर आधारित पृथक्करणाचा पर्याय आहे, तो याच नात्यावर चालतो.

तुमच्या गल्लीला हे लावून बघू. समजा एका नळाला ७ मीटर हेडला मिनिटाला १२ लिटर पाणी येतं. सात मीटर अशासाठी, की आपल्याकडच्या १९९९ च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली घराला किमान तेवढा दाब सांगितला होता. वर्गमुळाच्या नात्याने इतर कुठल्याही हेडला धार किती ते निघतं. इथे एक युक्ती सांगतो. तोंडापासून सुरुवात केली तर आत किती पाणी शिरतंय हे माहीत नसतं आणि गाडी अडते. टोकापासून सुरुवात करा. टोकाला पाइपातला प्रवाह शून्य असतो हे नक्की. तिथल्या हेडचा एक अंदाज घ्या, पन्नास-पन्नास मीटर मागे चाला, वाटेतल्या नळांचं पाणी मिळवत जा, घर्षणाचा तोटा मिळवत जा. तोंडाशी १५ मीटर येईपर्यंत टोकाचा अंदाज बदला. कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी ते प्रत्येकाने एकदा करावं असं माझं ठाम मत आहे.

मला टोकाशी पाऊण मीटर हेड मिळालं. तोंडाशी आत शिरणारं पाणी सेकंदाला १९ लिटर, म्हणजे तुम्ही जबरदस्तीने ढकललेल्या ३७.५च्या जेमतेम निम्मं. तोंडाच्या घराला मिनिटाला १७ लिटर, टोकाच्या घराला ४ लिटर. आता तुमच्या निरीक्षणाशी ताडून बघा. तोंडाच्या घराचे २,७०० लिटर भरायला अडीच तासांवर वेळ लागतो, तोपर्यंत टोकाला जेमतेम ४ लिटरची धार. तोंडाकडची घरं नळ बंद करायला लागली की दाब मागे सरकतो, आणि टोकाला खरं पाणी शेवटच्या अर्ध्या तासात मिळतं. शिवाय हा पाऊण मीटर नळाच्या पातळीला मोजलेला आहे. नळाची तोटी मी धरलेल्या पातळीपेक्षा मीटरभर वर असेल तर तिथे धार लागणारच नाही. शेवटच्या घरांत अंगणात खड्डा खणून त्यात नळ उतरवलेला असतो, तो याच गणितासाठी.

मॉडेलमध्ये हे बसवताना एक गोष्ट सांभाळा. दाबावर आधारित पर्यायात मागणीची वरची मर्यादा असते आणि तेवढं पाणी मिळालं की मॉडेल समाधानी होतं. आपल्या नळाला अशी मर्यादा नाही. म्हणून दहा-दहा घरांचा एक गट करा आणि प्रत्येक गटाला एका छोट्या आखूड पाइपाने एक टाकी जोडा. टाकीचं आकारमान त्या गटातल्या हौदांइतकं ठेवा. टाकी भरली की पाणी आपोआप थांबतं. जोडणारा पाइप एकाच दिशेने वाहणारा ठेवायला विसरू नका, नाहीतर दाब कमी झाला की पुढच्या घरांच्या हौदांतलं पाणी उलटं गल्लीत येताना दिसेल. टाकीऐवजी ईमीटर (दाबानुसार पाणी सोडणारं ईपानेटमधलं तोंड) वापरलात तर तोही उणे दाबाला बाहेरून पाणी आत ओढतो, तिथेही तीच काळजी.

मोटारींचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय गल्लीचं मॉडेल खोटं ठरेल. नळाला थेट मोटार जोडली की त्या नळाशी जणू काही मीटर उणं हेड लावलं जातं आणि वर्गमुळाखालचा आकडा तितका वाढतो. तोंडाकडच्या वीस घरांना पाच-पाच मीटर जादा ओढ द्या आणि टोकाचं हेड काय होतं ते बघा. ते शून्याखाली गेलं तर या वेळी तो आकडा खरा समजा, कारण तो उणे साडेनऊच्या आतला असेल. त्याचा अर्थ पाइप बाहेरचं ओढतोय. गळक्या सांध्याशेजारून गटार जात असेल तर गटाराचं पाणी आत येतं. गल्लीत जुलाबाची साथ आली की पहिला संशय इथे घ्यायला हवा. तुमच्या प्रकल्पातली सर्वांत उपयोगी आकृती हीच होईल: किती मोटारी सुरू झाल्या की टोकाचा दाब शून्याखाली जातो.

नेव्हिअर-स्टोक्सबद्दल. नेव्हिअरने १८२२ मध्ये आणि स्टोक्सने १८४५ मध्ये मांडलेली ही समीकरणं पाण्याच्या प्रत्येक बिंदूचा वेग सांगू पाहतात. त्यांची उकल त्रिमितीत नेहमी सुरळीत राहते का, हा प्रश्न आजही खुला आहे आणि त्यावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. त्याचं आकर्षण मी समजू शकतो. पण तुमच्या पाइपात सेकंदाला ५ लिटरला रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) ८० हजारांच्या आसपास जातो. पाणी पूर्ण खळबळतं असतं, आणि तिथे घर्षण ठरतं ते पाइपाच्या आतल्या गंजाच्या खवल्यांवरून. ते खवले तुम्ही पाहिलेले नाहीत. आतून गंज चढून १०० मिलिमीटरचे ८० उरले असतील तर तेवढ्यानेच तोटा तिप्पट होतो, कारण व्यासाचा घात ४.८७ आहे. एवढी मोठी अनिश्चितता असताना प्रत्येक भोवऱ्याचा हिशेब करून हाती काही लागत नाही. पंपाच्या तोंडाशी किंवा अर्धवट उघडलेल्या चावीत प्रवाह कसा वळतो हे बघायचं असेल तेव्हा ती समीकरणं जरूर घ्या. हेझन-विल्यम्सपेक्षा पक्कं काही हवं असेल तर घर्षणाच्या तोट्याचं डार्सी-वाइसबाख सूत्र घ्या, आणि त्यातल्या घर्षण गुणांकासाठी रूरकीच्या स्वामी आणि जैन यांचं १९७६ चं सूत्र. त्याच गुणांकासाठीच्या कोलब्रुकच्या सूत्रासारखी पुन्हा पुन्हा आकडेमोड न करता ते थेट उत्तर देतं.

गणिताच्या विद्यार्थ्यांना भिडेल अशी खोल गोष्ट जाळ्यातच आहे. प्रवाह वाढला की प्रत्येक पाइपात तोटा वाढतोच, कमी होत नाही. या एका गुणामुळे सगळं जाळं एका बहिर्वक्र फलनाचं किमान शोधण्याच्या प्रश्नात बदलतं आणि उत्तर एकच असतं. नळाचा प्रवाह दाबावर अवलंबून केला तरी तोही दाबाबरोबर वाढतच जातो, म्हणून एकमेव उत्तराची खात्री टिकते. हे सिद्ध करून दाखवा. परीक्षकांना संगणकाच्या रंगीत चित्रांपेक्षा ते आवडेल, आणि तुमच्या विषयाला शोभेल.

मोजमापाशिवाय यातलं काहीच उभं राहणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात शून्य ते अडीच किलोचं प्रेशर गेज मिळतं. एक किलो म्हणजे दहा मीटर हेड. तोंड, मध्य आणि टोक अशा तीन नळांवर, पाणी आल्यापासून दर पंधरा मिनिटांनी, एकाच घड्याळाने दाब घ्या आणि लगेच वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. दाब आणि धार दोन्ही हवेत. नुसती धार मोजलीत तर कमी पाणी नळाच्या बारीक जोडणीमुळे आहे की पाइपाच्या गंजामुळे, हे वेगळं काढता येणार नाही. प्रत्येक तुकड्याला वेगळा सी गुणांक बसवायचा मोहही टाळा. तीन ठिकाणच्या मोजमापातून तेवढं कळत नाही. एकाच वयाच्या पाइपांना एकच सी द्या. चावी सोडणाऱ्या माणसाशी बोला. चावी किती फेरे उघडतात आणि आधी कुठल्या गल्लीला पाणी सोडतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

उजनीपासूनची शंभर किलोमीटरच्या वरची जलवाहिनी, टाकळीचा उपसा, हिप्परगा तलाव, पाकणी आणि सोरेगावची शुद्धीकरण केंद्रं हे सगळं या प्रकल्पात आणू नका. मोठ्या जलवाहिनीचा खरा प्रश्न वेगळा आहे: वीज गेली आणि पंप एकदम थांबले की सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी थबकल्यामुळे शंभर मीटरच्या आसपास हेडचा धक्का बसतो. जुकोव्स्कीने १८९८ मध्ये हे दाखवलं. तिथे वेळेनुसार बदलणारी समीकरणं लागतात, तुमच्या गल्लीत त्यांची गरज नाही. रिकामा पाइप भरण्याचाही फार विचार करू नका. ४०० मीटरमध्ये ३,१४० लिटर मावतात, सेकंदाला ५ लिटरनेही दहा-अकरा मिनिटांत भरतात. टोकाचे दोन तास त्यात जात नाहीत.

बदल सुचवायचा असेल तर दोन प्रयोग मॉडेलवर करून बघा. एक, गल्लीचं टोक शेजारच्या गल्लीच्या पाइपाला जोडून फेरी पूर्ण करणं. दुसरा, तोंडाकडच्या पंचाहत्तर घरांना आणि टोकाकडच्या पंचाहत्तर घरांना दीड-दीड तास वेगळं पाणी देणं, मध्ये एक चावी बसवून. माझा अंदाज आहे की दुसऱ्यात टोकाचं पाणी फारसं वाढणार नाही, कारण मधली चावी बंद केली की तोंडाकडचा अर्धा भाग बंद होत नाही, टोकाकडचा होतो. तोंडाकडचा भाग बंद करायला त्या घरांच्या जोडण्या वेगळ्या पाइपावर घ्याव्या लागतील. चालवून बघा आणि तिन्ही नळांचे आकडे इथे टाका, म्हणजे सी गुणांक काढायला मदत करतो.